डागाचा फोटो काढला म्हणजे निदान झालं का?

जुलै-ऑगस्ट आला की माझ्या व्हॉट्सॲपवर पानांचे फोटो यायला लागतात. मी परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातला. इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, आणि भावकीत 'कम्प्युटरवाला' मी एकटाच. त्यामुळे कधी चुलते, कधी मामा, कधी मित्राचे वडील फोटो पाठवतात. कपाशीचं पान, सोयाबीनचं पान, डाळिंबाची काळी पडलेली काडी. फोटोखाली एकच ओळ असते : "काय मारावं?"

"काय झालंय?" असं सहसा कोणी विचारत नाही. थेट "काय मारावं?" हा लेख या दोन प्रश्नांमधल्या अंतराबद्दल आहे, आणि त्या अंतरात दुकान मांडून बसलेल्यांबद्दल. त्यात आता माझ्या धंद्यातले लोकही आलेत.

माझं म्हणणं सरळ आहे. डागाचा एक फोटो बघून रोगाचं नाव सांगणं आणि त्याच स्क्रीनवर औषध सुचवणं याला निदान म्हणू नका, ती विक्री आहे. आणि ज्या ॲपला 'मला माहीत नाही' म्हणता येत नाही, ते ॲप शेतकऱ्याच्या हातात द्यायच्या लायकीचं नाही.

एक काळा डाग, पाच कारणं

आधी डागाकडेच बघू. कपाशीचं पान घ्या. त्यावर काळपट-तपकिरी डाग आहेत. फोटोत सगळे सारखेच दिसतात. पण शेतात उभं राहून नीट बघितलं तर काही डाग कोपरे असलेले, शिरांमध्ये कापून बसवल्यासारखे दिसतात. हे बहुतेक वेळा जिवाणूचं काम. जिवाणू पानाच्या पेशींमधल्या पोकळीतून पसरतो, शीर आडवी आली की अडतो, म्हणून डागाला कोन येतात. हाच जिवाणू पुढे देठावर, फांदीवर उतरला की फांदी काळी पडते. या रोगाचं इंग्रजी नावच 'ब्लॅक आर्म', म्हणजे काळा हात, असं आहे.

दुसरे डाग गोलसर असतात, आत एकात एक वर्तुळं असतात. ही अल्टरनेरिया नावाची बुरशी असू शकते. इथंही नाव कळलं म्हणजे कारण कळलं असं नाही. पोटॅश कमी पडलेल्या कपाशीवर हा करपा जास्त येतो. म्हणजे मूळ दुखणं जमिनीत आणि आपण पंप घेऊन पानाच्या मागे लागलेलो.

तिसरा काळेपणा तर डागच नाही. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण हे रस शोषतात आणि गोड चिकट पदार्थ सोडतात. आपल्याकडे त्याला 'चिकटा' म्हणतात. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. ओल्या बोटानं पान पुसलं तर काळं निघून येतं आणि खाली हिरवं पान दिसतं. यावर बुरशीनाशक मारणं म्हणजे पाइप गळतोय आणि आपण फरशी पुसतोय. एका अंगठ्याची परीक्षा, पण ती फोटोला घेता येत नाही.

चौथं कारण आपणच असतो. सोयाबीनच्या उभ्या पिकात मारायची काही तणनाशकं पानांवर तपकिरी, भाजल्यासारखे चट्टे पाडतात. आठ-दहा दिवसांत नवीन पानं स्वच्छ येतात आणि पीक सावरतं. पण त्या आठ दिवसांतच फोटो काढला जातो, कुठूनतरी 'बुरशीजन्य करपा' असं उत्तर येतं आणि भाजलेल्या पानावर आणखी एक फवारा बसतो. "गेल्या आठवड्यात काय मारलं होतं?" एवढा एक प्रश्न विचारला असता तर तो फवारा वाचला असता.

पाचवं कारण म्हणजे वय. सोयाबीन पक्व व्हायला लागलं की खालची पानं पिवळी पडतात, डागाळतात, गळतात. पिकाचा तो रस्ताच आहे. तिथं औषध मारून पान परत तरुण होत नाही.

कपाशीचा 'लाल्या' यात धरलाच नाही. पानं लाल होतात, लोक रोग म्हणून फवारतात. पण तो बऱ्याचदा नत्र-मॅग्नेशियमची कमतरता आणि रात्रीची थंडी यांचा परिणाम असतो.

आता डाळिंब. तेल्या हा शब्द ऐकला की बागायतदाराचं तोंड उतरतं. झँथोमोनास जातीचा हा जिवाणू. पानावर तेलकट डाग येतो, उजेडासमोर धरला की पारदर्शक वाटतो. खोडावर, पेऱ्यांवर काळा चट्टा येतो, काडी तिथंच मोडते. फळाला इंग्रजी 'एल' किंवा 'वाय' अक्षरासारखी भेग पडते. पण डाळिंबावर सर्कोस्पोरा, अल्टरनेरिया, कोलेटोट्रिकम या बुरशींचेही काळे डाग येतात, आणि मोबाइलच्या फोटोत ते तेल्याचे सख्खे भाऊ वाटतात. प्रयोगशाळेत फरक लगेच कळतो. डागाच्या कडेचा ताजा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. जिवाणू असेल तर कापलेल्या कडेतून दुधट धुरासारखा झोत बाहेर येताना दिसतो. बुरशी असेल तर येत नाही.

हा फरक फक्त पुस्तकातला नाही. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक जिवाणूचं काहीच वाकडं करत नाही. तेल्याच्या बागेत ते मारणं म्हणजे पैसे पाण्यात, शब्दशः पाण्यात, दोनशे लिटरच्या टाकीत. तेल्यावर खरा इलाज म्हणजे रोगमुक्त रोपं, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करणं, रोगट काड्या काढून जाळणं, पावसात सापडणारा मृग बहार टाळून हस्त बहार धरणं. यातलं बरंचसं बाटलीत भरून विकता येत नाही. म्हणून त्याची जाहिरातही दिसत नाही.

ऑर्किडवाल्यांचं एक बरं असतं

पुण्यात माझ्या टीममधल्या एकीच्या बाल्कनीत ऑर्किड आहे. त्याच्या पानावर काळा डाग पडला. तिनं फोटो टाकला आणि तासाभरात सल्ल्यांचा पाऊस पडला : पाणी जास्त झालं, ऊन लागलं, बुरशी आहे, जिवाणू आहे. चारही शक्य होतं. उन्हानं भाजलेला डाग कोरडा असतो, उन्हाच्या बाजूलाच असतो आणि पसरत नाही. जिवाणूचा डाग मऊ, पाणचट असतो आणि बघता बघता वाढतो. म्हणजे उत्तर फोटोत नव्हतंच, ते दोन दिवसांनंतरच्या पानात होतं. तिनं डागाभोवती पेनानं रेघ मारली आणि थांबली. डाग रेघेबाहेर गेला नाही. ऊनच होतं.

तिला थांबणं परवडलं, कारण फार तर एक कुंडी गेली असती. चार एकर कपाशीवाल्याला थांबायची भीती वाटते, कारण पेरणीचं कर्ज डोक्यावर असतं, बियाणं उधारीवर आणलेलं असतं, आणि दुकानदार म्हणत असतो, "आजच हाणा एक फवारा, उद्या हाताबाहेर जाईल." या भीतीवर अख्खा बाजार उभा आहे. आता त्या बाजाराच्या काउंटरवर आपण मोबाइल ठेवलाय.

९९ टक्क्यांची गोष्ट

'आमचं ॲप ९५ टक्के अचूक', '९८ टक्के अचूक' असे दावे तुम्ही वाचले असतील. हे आकडे येतात कुठून? माझं काम याच्या शेजारचं आहे, म्हणून थोडं सांगतो.

२०१६ मध्ये मोहंती, ह्यूज आणि सालाथे यांनी 'प्लांटव्हिलेज' या संग्रहावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पानांचे ५४,३०६ फोटो, १४ पिकं, २६ रोग. संगणकाला शिकवलं आणि त्यानं ९९.३५ टक्के फोटो बरोबर ओळखले. पानावरून रोग ओळखणाऱ्या कित्येक प्रकल्पांनी पुढे याच संग्रहावर हात साफ केला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट तर विचारू नका.

पण त्याच निबंधात लेखकांनी प्रामाणिकपणे आणखी एक आकडा दिलाय. संग्रहाबाहेरचे, वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. संग्रहातली पानं तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून, नीट उजेडात फोटो काढलेली होती. शेतात चिखल असतो, सावली असते, एका पानावर तीन दुखणी असतात, आणि फोटो काढणाऱ्याचा हात पंप मारून थरथरत असतो.

२०२२ मध्ये एका अभ्यासकानं याच संग्रहाची आणखी गंमत केली. त्यानं पान बघितलंच नाही. प्रत्येक फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त आठ पिक्सेल संगणकाला दिले. तरी ४९ टक्के उत्तरं बरोबर आली. नुसत्या अंदाजानं अडीच टक्क्यांच्या आसपास यायला हवी होती. म्हणजे संगणक रोगाइतकाच कागदाचा रंग आणि उजेड पाठ करत होता. शाळेत पेपर कुठल्या सरांनी काढलाय त्यावरून उत्तर ओळखणारी पोरं असायची ना, तसं.

आणि आता परभणीच्या माणसाला सगळ्यात जास्त झोंबणारी गोष्ट. त्या १४ पिकांत सफरचंद आहे, ब्लूबेरी आहे, चेरी आहे, रासबेरी आहे. कापूस नाही. तूर नाही. ज्वारी नाही. हळद नाही. डाळिंब नाही. सोयाबीन आहे, पण त्याचे सगळे फोटो निरोगी पानांचे. त्या संग्रहाच्या जगात सोयाबीन कधी आजारीच पडत नाही.

आजची सगळी ॲप याच संग्रहावर चालतात असं मी म्हणत नाही. बऱ्याच जणांनी स्वतःचे फोटो जमवलेत, तंत्रही पुढं गेलंय. पण मग मराठवाड्याच्या काळ्या रानात, कपाशीवर, सोयाबीनवर, प्रत्यक्ष शेतात तुमचं ॲप किती वेळा चुकलं, हा आकडा पिकानुसार छापा ना. औषधाच्या बाटलीवर विषाचा त्रिकोण छापावा लागतो. निदानावर का नको?

चुकलं तर कोणाचं गेलं?

आमच्या धंद्यात चूक झाली तर आम्ही दुसऱ्या दिवशी नवीन आवृत्ती टाकतो. शेतातल्या चुकीला दुसरा दिवस नसतो. चुकीचं औषध मारलं की पैसा जातो, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेळ जातो. आणि कधी माणूस जातो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यामागं अनेक कारणं होती आणि तिथं दोष कुठल्या ॲपचा नव्हता. पण एक गोष्ट त्या वर्षानं कायमची सांगून ठेवलीय : जो फवारा टाळता येतो, तो टाळलाच पाहिजे, कारण पंप कोणाच्यातरी पाठीवर असतो. ती पाठ बहुतेक वेळा रोजंदारीवाल्याची असते. ॲप उघडणाऱ्याची नसते, बनवणाऱ्याची तर नसतेच.

तेल्यावर वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोमायसिन मारलं गेलं. हे तेच औषध, जे माणसाच्या क्षयरोगावर वापरतात. प्रत्येक काळ्या डागाला तेल्या समजून ते मारत राहिलं की जिवाणू त्याला सरावतात. त्याची किंमत कुठल्या बिलावर लिहून येत नाही.

"मग माणूस आहे कुठं?"

इथं मला उलट विचारलं जातं, आणि प्रश्न खरा आहे. कृषी सहायकाकडं अनेक गावं, वर कागदांचा ढीग. रात्री नऊ वाजता शेतकऱ्याला उत्तर देणारं कोण आहे? ॲप तरी आहे. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं.

मला हे पटत नाही. ठामपणे दिलेलं चुकीचं उत्तर काहीच नसण्यापेक्षा वाईट असतं. कारण काहीच उत्तर नसलं तर माणूस शेजाऱ्याला विचारतो, दोन दिवस डागावर नजर ठेवतो, सकाळी परत बांधावर जातो. पुष्कळदा तेच योग्य असतं. स्क्रीनवर रोगाचं नाव आलं की बघणं थांबतं आणि गाडीला किक बसते.

माणसं लावून काम होतं, हे आपल्याच राज्यानं दाखवलंय. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर २००९ पासून 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प सुरू झाला. त्याचा पाया काय होता? प्रशिक्षण दिलेली माणसं ठरलेल्या शेतात जाऊन झाडं मोजायची, नोंदी संगणकात जायच्या, कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ त्या बघून सल्ला द्यायचे. संगणक त्यातही होता. पण डोळे माणसाचे होते, पाय चिखलात होते.

आणि खुद्द परभणी. १९७२ पासून इथं कृषी विद्यापीठ आहे. भेंडीवरच्या पिवळ्या शिरांच्या विषाणूरोगानं शेतकरी बेजार होते, तेव्हा इथल्या लोकांनी भेंडीचा रानातल्या भाऊबंदाशी संकर केला, पिढ्या निवडत नेल्या आणि १९८० च्या दशकात 'परभणी क्रांती' हा वाण दिला. विषाणूवर फवारा चालत नाही, हे कळल्यावर उत्तर बियाण्यात शोधलं. आधी दुखणं ओळखलं, मग उपाय. देशभर ते नाव पोचलं. अशा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यानं सफरचंदावर शिकलेल्या यंत्राला कपाशी दाखवायची, आणि विद्यापीठाच्या रोगशास्त्र विभागात नमुना घेऊन जायला एसटीचा अख्खा दिवस मोडायचा, ही आपली व्यवस्था.

१५ ऑगस्ट २०२४ ला केंद्र सरकारनं राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली. फोटो टाका, कृत्रिम बुद्धिमत्ता ओळखेल. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये. मी याच्या विरोधात नाही, माझी भाकरी याच क्षेत्रातून येते. मागणी एवढीच की त्या पैशातून जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड, प्रत्येक तालुक्याला एक सूक्ष्मदर्शक, एक काचपट्टीचा डबा आणि ते वापरणारा एक पगारी माणूस द्या. एका सूक्ष्मदर्शकाखाली दोन मिनिटांत जे कळतं, ते हजार फोटोंतून कळत नाही.

तुम्ही काय करू शकता

हा लेख मोबाइलवर वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना घरून असे फोटो येत असतील. औषधाचं नाव शोधून परत पाठवू नका. प्रश्न पाठवा.

डाग खालच्या जुन्या पानांवर आहेत की वरच्या कोवळ्या? शेतभर सारखे आहेत, ठिगळासारखे, ओळीनं, की बांधाच्या कडेनं? (ओळीनं किंवा कडेनं असतील तर पंप आणि शेजारच्या रानातलं तणनाशक आधी आठवा.) पान उलटं केलं तर खाली काय दिसतं? ओल्या बोटानं पुसलं तर जातं का? उजेडासमोर तेलकट दिसतं का? परवा होतं तेवढंच आहे की वाढलं? पंधरा दिवसांत काय काय मारलं, टाकलं? पाऊस कधी झाला? खोड उभं चिरून बघितलं तर आतून रंग कसा आहे? शेजारच्या निरोगी झाडाचाही फोटो आहे का?

एवढ्यावर अर्धी प्रकरणं तिथंच सुटतात. जी सुटत नाहीत त्यांच्यासाठी झाड मुळासकट उपटा, एक थोडं बाधित आणि एक निरोगी, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि परभणीला विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात न्या. प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका. घाम सुटून नमुना कुजतो आणि मग शास्त्रज्ञाला फक्त कुजल्याचं निदान करता येतं.

आणि जे माझ्यासारखे ही यंत्रं बनवतात त्यांना तीन गोष्टी. पहिली, खात्री नसेल तेव्हा तुमच्या ॲपला 'माहीत नाही, माणसाला दाखवा' म्हणायला शिकवा, आणि तो माणूस कोण हेही पुढच्या ओळीत सांगा. दुसरी, उत्तराआधी प्रश्न विचारा. पाऊस, फवारणी, पिकाचं वय हे न विचारता नुसत्या फोटोवर बोलणारा डॉक्टर आपण स्वतःसाठी चालवून घेणार नाही. तिसरी, निदानाच्या पानावरून 'खरेदी करा' हे बटण काढून टाका. जो औषध विकतो त्यानं रोग ठरवू नये.

तिसऱ्या मागणीला कंपनीच्या बैठकीत विरोध होईल हे मला माहीत आहे, कारण पैसा त्याच बटणात आहे. म्हणून ही गोष्ट कंपन्यांच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. सरकारी पैशातून किंवा सरकारी शिक्क्यानं चालणाऱ्या प्रत्येक निदान-ॲपला हे तीन नियम सक्तीचे करावेत, आणि पिकानुसार, जिल्ह्यानुसार ते किती चुकलं याचा तक्ता दर हंगामाच्या शेवटी मराठीत प्रसिद्ध करावा. सुरुवात कपाशी आणि सोयाबीनपासून करा. परभणीत दोन्ही भरपूर आहेत, आणि डागही.